गुडघ्याखालची उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवेल. मी मात्र डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची जुनी उशी आहे. एका ख्रिस्ती घरच्या पणजीने पडद्याच्या उरलेल्या मखमलीत कापूस ठासून मला शिवलं आणि चर्चमध्ये घरच्या बाकापुढे ठेवलं.

"अजून कशी नव्यासारखी आहे," लोक म्हणत. "घराणं मोठं भक्तिमान."

मीही फुगून जाई. पण खरं सांगू का, मी कधी दबलेच नव्हते. घरचे सगळे बाकाच्या कडेवर बूड टेकवून डोकं झुकवत आणि गुडघे मला नुसते लावत. लांबून वाटे, गुडघे टेकलेत. भार सगळा बाकावर. मुलंही मोठ्यांचं बघून तेच शिकली.

मग घरात सून आली, तिला मुलगा झाला आणि बाप्तिस्म्याचा रविवार ठरला.

"आई, पाळक विचारतील, तुझा प्रभूवर विश्वास आहे का," सून सासूबाईंना म्हणाली. "काय सांगू?"

"होय म्हणायचं. त्यात विचार कसला? आपण जन्माचे ख्रिस्ती."

"जन्म आईबापांनी दिला. विश्वास माझा मलाच ठेवायला हवा ना?"

"जागरणांनी डोकं फिरलंय तुझं. जरा झोप काढ. आणि चर्चमधली ती उशी घरी आणून शिवून टाक, दोरा जुना होऊन उसवलीय; पाहुण्यांपुढे शोभा नको."

अशी मी घरी आले. सुनेने माझी उसवलेली शिवण घातली, दोरा दातांनी तोडला. बाळ झोपलं होतं. वाळणाऱ्या लंगोटांच्या खाली तिने मला जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही गुडघे टेकले. सगळा भार माझ्यावर. आतला कापूस पहिल्यांदाच तळाला गेला.

"प्रभू," ती पुटपुटली, बाळ उठू नये म्हणून. "पाठ केलेलं सगळं येतं मला, तुझ्याशी बोलता तेवढं येत नाही. पण खोटं होय म्हणून लेकराला तुझ्या हाती द्यायचं नाहीये. मला तू हवा आहेस."

बाळ रडलं. ती उठली, त्याला पाजलं आणि पुन्हा टेकली. मग रोजच. कधी कधी आमेनच्या आधीच उठावं लागे.

रविवारी पाळकांनी विचारलं. तिने आधी बाळाकडे पाहिलं. सासूबाईंनी कोपराने ढोसलं.

"होय," ती म्हणाली. "माझा आहे." आवाज कापरा होता, पण उसना नव्हता.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये सासूबाईंनी मला हातात घेतलं. "अगं, पार चपटी झाली ही. बसत होतीस की काय हिच्यावर?"

"नाही आई. टेकत होते."

सासूबाईंनी मला बाकापुढे ठेवलं. प्रार्थना सुरू झाली तशा सवयीने कडेवर सरकल्या. मग हळूच बाक सोडला. हाडं कुरकुरली, आणि त्यांचा थकलेला भार माझ्यावर आला.

"टोचतंय का आई? कापूस भरून देऊ?"

"नको," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "राहू दे अशीच."

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, उसवले तर टाका घाला. फक्त जपून ठेवू नका. मी आज मळकी आहे, चपटी आहे, आणि फार सुखात आहे.