साते शिकवणारी बाई

माझ्या नवऱ्याने, प्रायूनने, लग्नानंतर कधी साधा भातसुद्धा शिजवला नव्हता. बोटींची इंजिनं उघडणारे हात, तेलाने कायम काळे. त्या रविवारी दुपारी मात्र तो राजबुरीहून आला आणि ओट्यावर पिशवी रिकामी केली. कोंबडीचं मांस, दोन नारळ, ओली हळद, गवती चहाची जुडी, बांबूच्या काड्या.

"जुरी, आज साते मी करणार," तो म्हणाला.

"साते? घरी?"

"का? घरी होत नाही का?"

होत असेल, पण करतं कोण? पुलापाशी संध्याकाळी सातेची गाडी लागते. काड्यांना टोचून भाजलेलं मांस आणावं, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खावं, काड्या फेकून द्याव्या. आमच्या गल्लीत सगळे तेच करतात.

माझी मोठी बहीण थोंगसुक शेजारीच राहते. वास आला तशी ती मागच्या दाराने आत आली, प्रायूनला धने-जिरे भाजताना पाहिलं आणि मला अंगणात ओढून म्हणाली, "पुरुष असा अचानक स्वयंपाकघरात शिरला ना, की समजावं, दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन आलाय."

"काहीतरीच काय गं ताई!"

"काहीतरीच? दर रविवारी राजबुरीला काय करतो मग?"

इंजिनाचे सुटे भाग आणायला जातो, असं तो सांगायचा. पण गेल्या कितीतरी रविवारी तो हात हलवत परत आला होता. शर्टाला धुराचा वास यायचा. एकदा बाहीवर हळदीचा डाग होता. तो मीच घासून काढला होता, आणि घासताना मनात आलेलं मनातच ठेवलं होतं.

मी आत जाऊन पाटावर बसले आणि त्याच्या हातांकडे बघत राहिले. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या तो सराईतासारखा काढत होता. काड्या आधीच पाण्यात भिजत घातलेल्या. मसाल्यात नारळाचं घट्ट दूध ओतलं, वर डब्यातलं गोड दूध चमचाभर. हे याला कुणी सांगितलं?

"हळद अजून घाला की," मी मुद्दाम म्हणाले.

"नको. जास्त झाली तर कडवट लागते म्हणते ती."

"ती कोण?"

त्याचा हात थांबला. "लोक म्हणतात."

अंगणात निखारे पेटवून त्याने काड्या मांडल्या आणि गवती चहाच्या ठेचलेल्या देठाने वर नारळाचं दूध फिरवायला लागला. मी समोर उभी राहिले.

"नाव सांगा तिचं."

"जुरी, ताई आहेत इथे."

"असू दे. नाव?"

"साययुत."

"बघ!" थोंगसुक म्हणाली. "वय काय म्हणे बाईंचं?"

"साठीच्या पुढे असेल," प्रायून म्हणाला. "माझी आई आहे ती."

काड्यांनी जाळ धरला होता. कुणीच हात पुढे केला नाही.

आई वारली, असं त्याने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. त्यालाही आजोबांनी तेच सांगितलं होतं. खरं म्हणजे तो लहान असताना ती त्याला त्यांच्याकडे सोडून निघून गेली होती. यंदाच्या पावसाळ्यात त्याला मामेभावाकडून कळलं, की ती राजबुरीच्या बाजारात साते विकते. हा गेला, बाकड्यावर बसला, खाल्लं, आणि तोंडातून शब्द फुटेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मसाल्यात काय घालता? तेव्हापासून दर रविवारी ती थोडं थोडं सांगत गेली.

"मी कोण ते तिला माहीत नाही," तो म्हणाला.

थोंगसुक डोळे पुसत घरी गेली. माझं मन मात्र निवळेना. "अहो, विकणारी बाई गिऱ्हाइकाला मसाला सांगते का कधी?"

"बोलकी आहे गं."

"बोलकी! ओळखलंय तिने तुम्हाला. आणि गप्प बसलीय. का, ते मला बघायचंय."

पुढच्या रविवारी मी बरोबर गेले. बारीक चणीची बाई, केसांचा घट्ट अंबाडा, एका हाताने पंखा हलवत होती. मी सरळ म्हणाले, "मावशी, तुम्ही शिकवलेली साते यांनी घरी केली. सगळी करपली."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. प्रायूनकडे बघून हसली. "जाळ मोठा ठेवला असेल. लहानपणापासून दम म्हणून नाहीच याला."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं. पंखा थांबला.

"का गेलीस?" प्रायूनने विचारलं. इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

तिने रांगेतल्या गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवलं, निखाऱ्यांवर राख ओढली. "बस. सगळं सांगते. ऐकून झालं की पुन्हा यायचं की नाही, ते तू ठरव."

ती बराच वेळ बोलली. दारुडा नवरा, मार, परगावची नोकरी, परत यायची लाज. त्यातलं थोडं मला पटलं. एवढी वर्षं एक निरोपसुद्धा का नाही, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उगाच काही जुळवून तिने सांगितलंही नाही. तेवढं एक मला बरं वाटलं.

प्रायून अजून दर रविवारी जातो. आता तिथे पंखा तो हलवतो. तिला घरी कधी बोलवायचं, असं परवा त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "बघू." अजून बघतेच आहे.