खोक्यातल्या घराचे दिवे

घरातली माणसं मला पाठीमागे ‘मेन स्विच’ म्हणतात. मला ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे. मी तो मोडत नाही. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. माझा थोरला मुलगा न्हाणीघरात साबण लावून उभा होता तेव्हाही गेला होता. आवाज द्यायला त्याचं तोंड काय शिवलं होतं?

पुढच्या खोलीत आमची शिलाई मशीनं. एकावर मी, दुसऱ्यावर सून. शाळेत मी गेले ती पाटी फुटेपर्यंत, आणि पाटी लवकर फुटली. पण उजेड कुठे लागतो आणि कुठे नाही, हे कळायला पुस्तक लागत नाही.

थोरल्याची मुलगी टकळी. तोंड बंद राहत नाही म्हणून मीच हे नाव ठेवलं. तिच्या शाळेत प्रदर्शन होतं, आणि तिनं बुटांच्या खोक्यात ‘वीज वाचवणारं घर’ केलं होतं. पुठ्ठ्याच्या भिंती, चार खोल्या, प्रत्येक खोलीत टॉर्चचा छोटा बल्ब, आणि बाहेर खोलीगणिक टाचण्या-क्लिपांचं बटण. मागच्या वर्षी तिनं केलेला पूल बाईंच्या टेबलावर ठेवताच आडवा झाला होता. तेव्हापासून पोरं तिला ‘पूलवाली’ म्हणून चिडवतात. म्हणून या खोक्यात तिचा जीव अडकलेला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिनं खोकं माझ्या कापड बेतायच्या टेबलावर आणून ठेवलं. सगळ्या क्लिपा लावल्या, सेल जोडले, चारही बल्ब मिणमिणले. थोरल्यानं टाळ्या वाजवल्या. मी वाकून पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नाही आणि दिवा आपला चालू. मी क्लिप सरकवली.

सगळं घर अंधारात.

“आजी! काय केलंस?”

“मी काय केलं? तिथे कुणी नव्हतं.”

“कुणीच कुठे नाहीये! खोकं आहे ते!”

“आई, निदान खोक्यात तरी...” थोरला म्हणाला. सून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा आधीच ओवलेला होता. हसू लपवायची तिची ही रीत मला ठाऊक आहे.

मी क्लिप परत लावली. चारही पेटले. झोपायच्या खोलीची सरकवली. चारही गेले.

“बघ, मी काही मोडलं नाही. तुझं घरच असं आहे.”

टकळी रडायला लागली. तिनं क्लिपा एकेक करून कधी पाहिल्याच नव्हत्या; सगळ्या एकदम लावायची आणि खूश व्हायची.

“हे कसलं गं घर?” मी म्हटलं. “चूल विझली की सगळ्यांनी आंधळी कोशिंबीर खेळायची? एक दिवा घालवता येत नाही, तर वाचवायचं काय, कपाळ?”

ती रडायची थांबली. “आजी, परत बोल.”

“कपाळ.”

“त्याच्या आधीचं!”

पण परत ऐकायची गरज तिला राहिली नव्हती. माझा खडू उचलून तिनं टेबलावर एकच रेघ ओढली, चारही खोल्यांतून जाणारी. “वीज या एकाच वाटेनं जातेय. एका खोलीशी अडली की पुढे जाणारच नाही. ही एकसर जोडणी झाली. मला समांतर पाहिजे, म्हणजे प्रत्येक खोलीला सेलपासून स्वतःची वाट.”

“मग कर की. रडून वायर जुळते होय?”

“वायर संपली.”

दारावरची घंटा मी मागेच काढून टाकलीय. येणाऱ्याला हात असतात, त्यानं दार वाजवावं. तिची वायर मात्र ठेवली होती. थोरला ‘फेक, फेक’ म्हणून डोकं खात होता. मी माळ्यावर चढले, वेटोळं शोधून आणलं आणि त्याच्या नाकासमोरून मुद्दाम सावकाश नेलं.

टकळीनं वायरीची साल काढली, सुनेनं बल्ब धरले, पीळ मी घातले. माझा पीळ सुटत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. सेल जोडले आणि चारही बल्ब लख्ख पेटले.

“एवढा उजेड? आधीचा मंदच बरा होता. हे सेल लवकर खाणार.”

“खाणारच! म्हणून तर नको तिथला घालवायचा,” टकळी म्हणाली आणि स्वयंपाकघराची क्लिप तिनंच सरकवली. बाकीचे तिन्ही जळत राहिले. माझ्या नातीनं मला माझंच शहाणपण शिकवलं, आणि मला ते आवडलं. सांगितलं नाही.

वाटेत आपटायला नको म्हणून खोकं शाळेपर्यंत मी नेलं. बाईंनी एकेक क्लिप सरकवून पाहिली, आणि “असंच का जोडलंस?” म्हणून विचारलं. टकळी एवढं बोलली की बाईंना ‘पुरे’ म्हणावं लागलं. मग चिडवणाऱ्यांतला एक पोरगा पुढे आला. “ए, मला करू दे ना.” ‘पूलवाली’ त्याच्या तोंडून निघालं नाही. टकळीनं त्याला बराच वेळ ताटकळवलं. माझ्यावर गेलीय.

घरी आलो तर सून दारातच, हाताची घडी घालून.

“आई, माळ्यावर कुणी राहायला आलंय का?”

मी वर पाहिलं. वायर शोधताना मी लावलेला दिवा सकाळपासून जळत होता.

टकळी पळत गेली आणि तो घालवून आली. “मेन स्विच,” थोरला म्हणाला, आज पहिल्यांदाच माझ्या तोंडावर.

“ऐकलं मी,” म्हटलं, आणि हसू आलं तशी सुईत दोरा ओवायला बसले.