विमान थांबवणारे अण्णा

"री, कुठलं तिकीट काढू? नीलपंखचं की गगनरेखाचं?"

नवऱ्याला कानडी रीतीनं 'री' म्हणणारी महेश्वरी मोबाईल हातात घेऊन उभी होती आणि सोमशेखरअण्णा कडक भाकरी मोडून दह्यातल्या शेंगाचटणीला लावत होते. हा प्रश्न त्या घरात दर आठवड्याला निघायचा. अण्णांचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, पण मोठी गिऱ्हाइकं सगळी मुंबईत. पूर्वी अण्णा रेल्वेनं जायचे. गावातनं विमान सुरू झालं तशी त्यांची सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सोय झाली. त्यातही कंपन्या दोन! एवढ्याशा प्रवासाला दोन-दोन कंपन्या म्हणजे आपल्या गावाची चैनच म्हणायची.

"त्यात विचारायचं काय? गगनरेखा."

"नीलपंख वेळेवर सुटतं हो. वेळेवर पोचतंही."

"आणि तोंडावर दार लावतं! मागं गेलो होतो की एकदा. काउंटरवर ती कोण ऋतुजा, एवढीशी पोरगी, मला म्हणते, 'सर, वेळ संपली.' अगं, विमान समोर उभं दिसतंय! ना ओळख ना पाळख. गगनरेखात आपला अभिमन्यू आहे. एक फोन केला की थांबतो बिचारा. माणुसकी आहे त्या कंपनीत."

"अभिमन्यू थांबतो म्हणजे आत बसलेली माणसं थांबतात," महेश्वरी म्हणाली. "त्यांना विचारता का कधी?"

"त्यांना काय होतंय? एसीत तर बसलेली असतात!"

महेश्वरी कॉलेजात शिकवायची. वर्गातली पोरं ऐकत नसली की जशी फळ्याकडं वळायची, तशीच ती आत्ता मोबाईलकडं वळली. पण तिकीट काढता काढता एवढं बोललीच, "विमान थांबतं त्या दिवशी तुम्ही घरी आल्यावर त्याचंच कौतुक सांगता. काम काय झालं ते सांगतच नाही."

अण्णा हसले. कारण ते खरं होतं. मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांना वेळेवर पोचण्यात काही मोठेपणा वाटत नाही. वेळेवर काय, कुणीही पोचतो! आपल्यासाठी कुणी खोळंबून राहिलं, तर आपण कुणीतरी. अण्णांचं तसंच होतं. नाहीतर माणूस काही वाईट नव्हता. कारखान्यातल्या कामगाराच्या घरी कुणी आजारी पडलं, तर स्वतःची गाडी पाठवणारा माणूस!

ठरलेल्या दिवशी सकाळी आवरून झालं, तरी अण्णा दुसरा चहा घेत बसले. मग बूट चढवता चढवता त्यांनी फोन लावला.

"अभिमन्यू, आसरा चौकात आहे बघ. पोचतोच."

"अण्णा, सगळे पॅसेंजर आत बसले. आज जरा लवकर या, प्लीज."

"अरे, आलो की! का वर फोन लावू तुझ्या साहेबांना?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. अण्णाही हसले. दारात उभ्या महेश्वरीनं कपाळाला हात लावला. आसरा चौक घरापासून चांगला लांब होता आणि अण्णांच्या एका पायात अजून बूट नव्हता.

विमानतळावर अभिमन्यू दारातच घामाघूम उभा होता. त्यानं अण्णांची बॅग स्वतः उचलली आणि तो पुढं पळत सुटला. अण्णा मात्र आपल्या चालीनं निघाले. उन्हात ते छोटं, दोन पंख्यांचं विमान शिडी लावून उभं होतं. शिडी चढून आत शिरताच सगळ्या माना वर झाल्या. कुणी घड्याळाकडं बघितलं, कुणी खिडकीबाहेर. बोललं मात्र कुणीच नाही. अण्णांना तो आपला मानच वाटला.

त्यांच्या शेजारच्या जागेवर एक खेडवळ बाई बसली होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी आणि दोन्ही हातांनी पट्टा गच्च धरलेला.

"पहिल्यांदाच बसताय का मावशी?" विमान वर चढल्यावर अण्णांनी आपलेपणानं विचारलं.

"व्हय दादा. मोडनिंबची हाय मी. बजाबाई म्हंत्यात." तिनं त्यांच्याकडं बघितलं. "का वं, हे इमान एवढा येळ का थांबलं हुतं? काय बिघाड हुता का?"

"छे छे! बिघाड कसला? घाबरू नका." अण्णा खुर्चीत ऐसपैस झाले. "माझ्यासाठी थांबलं होतं. आपली ओळख आहे ना इथं. माझा फोन गेला की मला घेतल्याशिवाय हलत नाहीत."

"आगं बया!" बजाबाईचे डोळे मोठे झाले. "तुमच्या शबुदावर इमान थांबतं?"

"थांबतं की."

अण्णांना इतका निर्मळ श्रोता कधी मिळाला नव्हता. त्यांनी मागचे दोन-चार किस्सेही सांगितले. बजाबाई मन लावून ऐकत होती. मग तिनं पिशवी छातीशी धरली आणि ती त्यांच्याकडं सरकून बसली.

"मग दादा, माझं एक काम करा की. ह्यास्नी जरा बिगीनं न्यायला सांगा."

"म्हणजे?"

"माझी लेक हाय मुंबईला. वैजयंती. तिच्या डोस्क्यात गाठ निघालीया. आपरेशन उद्या म्हणत हुते, आन् आज सकाळीच फोन आला की आजच करायचं, दम धरवत न्हाय. म्हणून इंद्रजीतनं, माझ्या ल्योकानं, ह्यात बसवून दिलं. डाक्टर म्हणत्यात, आपरेशननंतर वाचा ऱ्हाईल का न्हाय, वळखंल का न्हाय, सांगता येत न्हाय. तिला आत न्यायच्या आदी मला पोचायचंय. ती म्हणलीया, आईला बघितल्याबिगर मी आत जायची न्हाय." तिनं अण्णांच्या हातावर हात ठेवला. "तुमचं ऐकत्यात. सांगा की दादा तेवढं."

अण्णांच्या तोंडचं पाणीच पळालं. ज्या माणसानं विमान थांबवलं होतं, त्याला ते बोटभरही पुढं ढकलता येत नव्हतं!

"मावशी... ते... पोचेलच की आता," ते कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात वैमानिकाची सूचना झाली. सोलापूरहून निघायला उशीर झाल्यानं आपला उतरायचा क्रमांक गेला आहे, मुंबईवर गर्दी आहे, परवानगी मिळेपर्यंत थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील. विमान एका अंगावर कललं. खाली समुद्र दिसला, मग इमारती, मग पुन्हा समुद्र.

"हे तर माघारी चाललंय!" बजाबाई कळवळून म्हणाली. "दादा, सांगा की वं कुणाला तरी!"

अण्णांनी बेल दाबली. हवाईसुंदरी आली. अण्णा कधी कुणापुढं हात जोडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी जोडले. ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, आमच्या हातात काही नाही. वेळेवर निघालो असतो, तर केव्हाच उतरलो असतो." ती दोष देत नव्हती, नुसतं सांगत होती. पण अण्णांची मान जी खाली गेली, ती विमान उतरेपर्यंत वर आली नाही.

उतरल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला फोन करून भेट रद्द केली, बजाबाईची पिशवी उचलली आणि टॅक्सी केली. वाटभर ती "ऱ्हाईल थांबून, माझी लेक हट्टी हाय" असं घोकत होती. दवाखान्याचा जिना दोघांनी धावत चढला. वर जावई एकटाच बाकावर बसला होता.

"मामी, आत्ताच नेलं," तो म्हणाला. "थांबत नव्हते डॉक्टर. दारापर्यंत मागं वळून वळून बघत होती."

बजाबाई रडली नाही. त्या बंद दाराजवळ गेली, दारावर हात ठेवून उभी राहिली आणि मग तिथंच खाली फरशीवर बसली. अण्णा तिच्या शेजारी बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"मावशी, माझ्यामुळं झालं हे. विमान माझ्यापायी थांबलं होतं."

"ठावं हाय की. तुमीच न्हाय का सांगितलं?" तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. "पर दादा, एक सांगू? तुमी येईस्तवर समदी गप बसली हुती. कुणी चकार शबुद काढला न्हाय. मीबी न्हाय. मला वाटलं, कुणी मोठा माणूस यायचा आसंल, त्याचं काम माझ्यापरीस मोठं आसंल."

कसलं काम होतं अण्णांचं? दुसरा चहा!

दवाखान्याच्या बाहेर येऊन त्यांनी अभिमन्यूला फोन लावला. "अभिमन्यू, यापुढं माझ्यासाठी विमान थांबवायचं नाही."

तो म्हणाला, "खरं सांगू का अण्णा? तुमचा फोन आला की तो घ्यावासाच वाटत नाही. नाही म्हणालो तर तुम्ही वर फोन लावणार. थांबवलं तर बाकीचे पॅसेंजर आणि पायलट बोलणार. घरी लहान लेकरं आहेत, नोकरी टिकवायची आहे. म्हणून हसतो झालं."

अरेरे! ज्याला अण्णा माणुसकी म्हणत होते, ती एका गरीब माणसाची भीती होती. आणि आत बसलेल्यांचं गप्प राहणं, ज्याला ते मान समजत होते, ती लाचारी होती. अण्णांनी रस्त्यावरच अभिमन्यूची माफी मागितली.

वैजयंती वाचली. शुद्धीवर यायला तिला वेळ लागला, बोलायला त्याहून जास्त. तिच्या तोंडून पहिल्यांदा "आई" निघालं, त्या दिवशी बजाबाईनं मोडनिंबच्या शेजारणींच्याही आधी अण्णांना फोन केला. अण्णांनी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते मात्र सांगितलं नाही.

मुंबईच्या त्या फेरीनंतरच्या आठवड्यात महेश्वरीनं मोबाईल हातात घेतला, तेव्हा अण्णा आपणहून म्हणाले, "नीलपंख."

"अगंबाई! दार लावणारी कंपनी?"

"म्हणूनच."

आता कुणी म्हणेल, अण्णा त्या दिवसापासून घड्याळासारखे वागू लागले असतील. कसचं काय! जुनं वळण ते. महिनाभर बरे वागले आणि एका सकाळी पुन्हा दुसऱ्या चहानं घात केला. विमानतळावर पोचले तर काउंटर बंद. पलीकडं तीच ऋतुजा. "सॉरी सर, वेळ संपली." काचेतनं विमान समोर उभं दिसत होतं. शिडीसुद्धा अजून काढली नव्हती.

मागून कारखान्याचा ड्रायव्हर ईरप्पा बॅग घेऊन आला होता. तो कानात कुजबुजला, "अण्णा, फोन लावा की कुणाला तरी! एवढ्याशा पोरीचं काय ऐकायचं?"

अण्णांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मोबाईल हातात आला. आणि त्यांना त्या विमानात मांडीवर पिशवी धरून, पट्टा गच्च आवळून बसलेलं कुणीतरी दिसलं. ते कोण होतं, कुठं निघालं होतं, कुणाला भेटायचं होतं, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मोबाईल परत खिशात घातला.

"बाळ, तुझं बरोबर आहे," ते ऋतुजाला म्हणाले. "माझंच चुकलं." आणि काचेजवळ उभं राहून ते विमानाकडं बघत राहिले. शिडी निघाली, पंखे फिरू लागले. वेळेवर, अगदी वेळेवर ते विमान धावपट्टीवरून उचललं गेलं.

"जा बाबा, जा," अण्णा पुटपुटले. ईरप्पाला वाटलं, अण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला.

वाचकहो, विमान असो, एसटी असो, नाहीतर एखादी सभा असो. आपल्या ओळखीवर एखादी गोष्ट खोळंबली की आपली कॉलर ताठ होते. तेव्हा एवढंच आठवावं: थांबलेल्या माणसांत एखादी बजाबाई असते आणि ती बोलत नाही, कारण आपलं काम तिच्या कामाहून मोठं असेल असं तिला वाटत असतं. दुसऱ्या चहासारख्या कारणानं तिचा तो समज आपण खोटा पाडू नये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुणी दुसरा तो खोटा पाडत असेल तर आपण गप्प बसू नये. वेळ पाळणं हा शिस्तीचा भाग आहेच, पण त्याआधी तो दुसऱ्याच्या दुःखाचा मान आहे.

सोमशेखरअण्णा आता एकच चहा घेतात. दुसरा महेश्वरी त्यांना मागितला तरी देत नाही.