मोठ्या प्रिंटरची रांग

तलासरी नाक्यावर दक्षाबेनचा छापखाना आहे. छापखाना म्हणायचं एवढंच, एका गाळ्यात दोन प्रिंटर. छोटा काळ्या शाईचा. दाखले, अर्ज, आधारची झेरॉक्स, जे येईल ते दिवसभर निमूट ओढायचा. मोठा रंगीत, लग्नपत्रिकांचा, आणि त्याचा तोरा जावयाचा. मनात आलं तर काम, नाहीतर रुसून बसायचं. तिथे काम करणाऱ्या मुकेशने कॉम्प्युटरमध्ये त्यांची नावंच 'छोटा' आणि 'मोठा' अशी ठेवली होती.

कॉम्प्युटरवर दक्षाबेनच्या भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं आणि तो निघून गेला होता सुरतेला. माउसने प्रिंटरचं काही म्हणता काही कळत नसे. मग मुकेश मोबाईलवर बघून बघून हुकूम टाइप करायला शिकला. काळी खिडकी उघडायची, 'एलपीक्यू' लिहायचं, रांगेत काय अडकलंय ते दिसतं. 'कॅन्सल' लिहायचं, अडकलेलं काम उडतं. एवढ्याच शिदोरीवर गडी गिऱ्हाइकांसमोर असा रुबाब करायचा की जणू रॉकेट सोडतोय.

आज मोठा पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बरा झाला होता. डहाणूचा मेकॅनिक दुपारी येऊन त्याच्या पोटातलं काहीतरी बदलून गेला. ट्रेमध्ये वर सोनेरी गणपती असलेली कोरी कार्डं भरून झाली होती. आणि पहिलं काम होतं मुकेशच्या वडिलांच्या लग्नाच्या पत्रिकेचं.

हो, वडिलांच्याच. चिमण आणि लाडकी तीस वर्षं एका घरात नांदत होती, तीन पोरं झाली, दोन मुली उजवल्या, पण त्यांचं स्वतःचं लग्न लावायचं राहूनच गेलं. कधी भात कापायचं, कधी घर शाकारायचं, कधी आणखी काही. त्यांच्या पाड्यावर याचं कुणाला नवल नाही. सुनेच्या मांडवात सासूही हळद लावून घेते. पण भाद्रपदात चिमण मरणाच्या दारातून परत आला आणि उठून बसल्यावर पहिलं वाक्य बोलला, "आता लगीन लावायचा."

त्या आजारपणाची आठवण मुकेश काढत नसे. गुजरातच्या मोठ्या दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं होतं. चिमण खाटेवर नुसता छताकडे बघत पडलेला. रघ्याकाका मुकेशला बाजूला घेऊन म्हणाला, "तू छापखान्यात हायस. पत्रिका आतापासून करून ठेव. मग कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?" मुकेशने केली. सरावलीच्या एका म्हाताऱ्याची जुनी शोकपत्रिका उघडली, नावं बदलली, फोटो बदलला. तारखेच्या जागी टिंबं ठेवली, म्हणजे नंतर पेनाने भरता येईल. आणि मोठ्यावर पन्नास प्रतींचा हुकूम सोडला.

मोठा घुर्र करून बंद पडला. एकही कागद आला नाही. मुकेश पडद्यावरच्या बापाच्या फोटोकडे बघत राहिला. आपण हे काय करतोय? जिवंत बापाची? घाईघाईने त्याने 'कॅन्सल' मारलं, 'एलपीक्यू' बघितलं, रांग रिकामी. फाईलही पुसली. दुसऱ्या दिवशी चिमण वाटीभर पेज प्यायला. त्या दिवसापासून मुकेश बिघडलेल्या मोठ्याला येताजाता मनातल्या मनात हात जोडायचा.

आता तोच चिमण स्टुलावर बसून कौतुकाने बघत होता. गाल बसलेले, पण डोळ्यांत लग्नघराची घाई. लाडकी बाजारात बांगड्या बघायला गेली होती.

"निघू दे ना," चिमण म्हणाला.

मुकेशने मोठा सुरू करायचा हुकूम दिला, मग पत्रिका सोडली. मोठा गुरगुरला. पहिलं कार्ड सरसर बाहेर आलं. चिमणने लगबगीने उठून ते दोन्ही हातांनी उचललं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षराला अक्षर जोडत वाचायचा.

"कळ... कळविण्यास... अत्यंत..." तो हसत होता. "अत्यंत दु... दुःख..."

मुकेशने मान वळवली. सोनेरी गणपती, त्याखाली बापाचा फोटो, त्याखाली 'दुःखद निधन'. आणि दुसरं कार्ड येत होतं. तिसरं. चौथं.

त्याने काळ्या खिडकीत 'एलपीक्यू' हाणलं. उत्तर आलं, छोटा तयार आहे, रांगेत काही नाही. डोळ्यांसमोर कार्डं पडतायत आणि मशीन म्हणतंय काही नाही! त्याने पुन्हा तेच हाणलं. पुन्हा तेच उत्तर. छोटा तयार आहे.

छोटा. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. नाव न घालता विचारलं की हा हुकूम रोजच्या प्रिंटरचंच सांगतो. भाद्रपदातही त्याने छोट्याचीच रांग बघितली होती, छोट्यावरचंच कॅन्सल केलं होतं. त्याने 'एलपीस्टॅट' लिहिलं, सगळ्या प्रिंटरांची रांग मागितली. मोठ्यापुढे दोन कामं उभी होती. खालचं आजचं. वरचं भाद्रपदातलं, शेजारी त्याचंच नाव. उरलेला पावसाळा, सगळा हिवाळा ते काम तिथे जागचं हललं नव्हतं. आपण हात जोडत होतो तेव्हाही बापाचं मरण त्याच्या पोटात होतंच.

कामाचा नंबर घालून त्याने ते उडवलं, आजचंही थांबवलं. मोठ्याने आणखी दोन कार्डं टाकली आणि गप्प झाला.

चिमण वाचत होता. आता आवाज न करता. बोट ओळीवरून सरकत होतं. शेवटी ते खाली 'शोकाकुल'वर आलं: मुलगा, मुली, जावई, भाऊ. तिथून बोट परत वर गेलं आणि पुन्हा खाली आलं. त्याने कार्ड उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"बाबा," मुकेश म्हणाला.

"माझा समजला," चिमण म्हणाला. "मी गेल्यातच जमा होतो. पण तुझ्या आयशीचा नाव कुठंय? लगीन नाय लागला म्हणून नाय टाकलास?"

मुकेशने कार्ड ओढून घेतलं. खरंच नव्हतं. सरावलीच्या त्या म्हाताऱ्याची बायको आधीच वारलेली, म्हणून त्याच्या पत्रिकेत बायकोची ओळच नव्हती. त्याने नावाला नाव बदललं, ओळींना ओळी. आई रात्रंदिवस खाटेपाशी बसली होती आणि पोटच्या पोराला ती राहिल्याचं कळलंही नाही. लग्नाचं कारण सांगावं की विसरल्याचं? कुठलं जास्त वाईट हे त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात बांगड्या किणकिणल्या. लाडकी कोपरापर्यंत हिरवा चुडा भरूनच आली होती. मुकेशला कार्डं झाकायलाही सुचलं नाही. तिने एक उचललं आणि हात लांब करून धरलं. तिला वाचता येत नव्हतं.

"ही झाली? बरी झालीय," ती म्हणाली. "गणपती कसा चमकतोय. फोटो पण चांगला येलाय यांचा." कार्ड तिने चिमणपुढे धरलं. "माझा नाव कुठंय यात?"

चिमणने पोराकडे एकदा बघितलं. मग तिच्या हातातल्या कार्डावर, तारखेसाठी सोडलेल्या टिंबांवर बोट ठेवलं.

"इथं. जागा ठेवलीय ना. पोरगा हातानं लिवणार हाय."

"मग लिव की," लाडकी मुकेशला म्हणाली.

मुकेशने खिशातलं पेन काढलं. टिंबांवर त्याने लिहिलं, लाडकी. तिने शाईवर फुंकर घातली आणि बारकाईने बघितलं.

"एवढासाच?"

"हा नुसता नमुना हाय," चिमण म्हणाला. तिच्या हातून कार्ड हळूच काढून घेऊन त्याने घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग मुकेशकडे न बघता म्हणाला, "खऱ्या पत्रिकेत मोठा टाक. माझ्या आधी."

मुकेशने उरलेली कार्डं फाडली, लग्नाची फाईल उघडली, आईचं नाव वर घेतलं आणि अक्षर वाढवलं. छापायच्या आधी त्याने 'एलपीस्टॅट' लिहून दोन्ही रांगा बघितल्या. दोन्ही रिकाम्या होत्या. तरी त्याने पुन्हा एकदा बघितल्या.