साक्षीत न सांगितलेल्या गोळ्या

थेरगावात एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना असते. दर रविवारी तिथं साक्ष देतात. म्हणजे माइक घ्यायचा आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. माझ्या आईची साक्ष तिथं फेमस आहे. ती सांगते, माझ्या रुपालीला फिट यायच्या, नववीतून शाळा सुटली, मंडळीनं प्रार्थना केली, आता दोन वर्षं एक फिट नाही. लोक टाळ्या वाजवतात. ती रुपाली म्हणजे मी. मान खाली घालून बसते.

गोळ्या चालूच आहेत. ते आई सांगत नाही. मीपण सांगत नाही. चाकणला कंपनीत पॅकिंगला जाते, तिथंही नाही.

गेल्या रविवारी जिन्यात पूनम भेटली. आमच्याच गल्लीत राहते, परभणीकडची. तिच्या पाच वर्षांच्या रविराजलाही फिट येतात.

"आठ दिवस झाले, ह्याच्या गोळ्या बंद केल्या," ती म्हणाली. "तुझ्या आईसारखा विश्वास धरायचा ठरवलंय."

पोरगं कठड्याला लोंबकळत होतं.

"येडी आहेस का? मी रोज गोळ्या खाते."

"उगं काहीबी! तुझी आई माइकवर बोलली. देवाच्या घरात कोण खोटं बोलतंय?"

"मग मी खोटी का?"

"तू चिडकी हाईस," म्हणाली आणि पोराला ओढत वर गेली.

आई दारात चपला काढत होती. तिथंच गाठलं, पूनमचं सांगितलं.

"मी खोटं कुठं बोलले? प्रार्थना केली नाही का आपण?"

"गोळ्यांचं बोलली नाहीस."

"हळू बोल. उद्या तुला स्थळं येतील."

"आणि ते पोरगं पडलं तर?"

आई आत गेली.

साक्षीला कोण उठणार ते कुसुमताई ठरवतात. त्यांना म्हटलं, पूनमला एकटीला घेऊन समजवा.

"एकटीला कशाला? चूक माइकवर झाली, दुरुस्ती माइकवर. माझं चुकलं की मीपण तसंच करते. लाज वाटते गं. पण पुढच्या वेळी तोंड उघडायच्या आधी आठवते ती लाज."

मी माइक घेतला.

"मला फिट येत नाही, कारण मी गोळ्या खाते. प्रार्थनापण करते. आई अर्धंच सांगत होती आणि मी ऐकून घेत होते. रोज दोन गोळ्या."

टाळ्या नाहीत. पुढचे दोघंतिघं वळून आईकडं बघायला लागले.

"दोन नाही, अडीच," आई बसल्या जागेवरून बोलली. "सकाळी एक, रात्री दीड. एकदा चुकली तेव्हा बाथरूममध्ये फिट आली हिला. तेपण मी सांगितलं नाही."

मला तिनं पाय घसरला म्हणून सांगितलं होतं.

पूनम उभी राहिली. "आता लगेच गोळी दिली तर चालंल का?"

सगळे कुसुमताईंकडं बघायला लागले.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "इथं कुणालाच माहीत नाही. दवाखान्यात जा, आत्ता."

खाली रिक्षा थांबवली. पूनम आणि रविराज बसले, मी बसले. मागून आई आली. "सरक," म्हणाली.

डांगे चौकात सिग्नलला थांबलो.

"बाथरूममध्ये पडले ते सोडून अजून कधी?" मी विचारलं.

आई बाहेर बघत होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.