बारावं राकेट

बिस्किटांच्या डब्यात बारा राकेटं होती. नऊ धड, दोहोंचे पंख मोडलेले, एकाचं नाक चेपलेलं. धर्मराजने ती मावशीच्या ओसरीवर ओळीने मांडली, दोनदा मोजली आणि एकेकाला व्हर्निअर लावला. चेपलेलं सोडून प्रत्येकाची लांबी एकेचाळीस मिलिमीटर भरली.

असली पत्र्याची, चावीची राकेटं त्याच्या जुन्या खेळण्यांच्या संग्रहात होती, पण हातभर लांबीची. त्यांची अंगठ्याएवढी पिल्लं पूर्वी दुकानदारांना नमुना म्हणून देत, एवढंच त्याने जुन्या संग्राहकांकडून ऐकलं होतं. ती पाहिलेला माणूस त्याला कधी भेटला नव्हता. भौतिकशास्त्रात नुकताच एम.एस्सी. झालेला हा गडी युसूफ वडगावजवळच्या त्या गावी मावशीला भेटायला आला होता.

"कुठली गं ही?"

"कारखान्याच्या ग्राहक भांडारातली," सुंदरबाई म्हणाली. "तुझे काका तिथं कामाला होते. भांडार बंद पडलं तवा डबा घरी आला. औंदा उपेगी पडला बघ."

"कसा?"

"टँकरला. गल्लीत घरं बारा, घरटी एक राकेट. डब्यात राकेट टाकायचं, सहा घागरी न्यायच्या. आधी खडे ठिवायचो, तर बाया दुसरा खडा उचलून पुन्हा रांगेत! असलं खेळणं कुणाकडं न्हाई, मग खोटं आणतील कुठून?"

दूध संस्थेचा टँकर दर चौथ्या दिवशी येई. मागच्या खेपेची राकेटं डब्यात जमली होती. उद्या सकाळी टँकर आला, की ती ज्याची त्याला परत मिळणार होती.

सुंदरबाई चुलीकडे वळली. जांभळ्या राकेटचे तिन्ही पंख शाबूत होते, रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. धर्मराजने ते खिशात टाकलं. एकीला खडा ठेवू देतील, त्याने मनाशी ठरवलं. सगळ्या एकमेकींना ओळखतात.

सकाळी टँकरजवळ सुंदरबाई डबा घेऊन बसली. अकरा राकेटं वाटून झाली. चंद्रभागाबाई हात पुढे करून उभीच. तिचा लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी ती आणि दोन नाती.

"माझं जांभळं कुठंय गं?"

"डब्यात न्हाई. मागल्या खेपेला टाकलंच न्हाईस तू."

"टाकलं की! तुझ्या डोळ्यादेखत!"

"कमरेला खोवलं असंल," रांगेतली छबुबाई मागून म्हणाली. "दोनदा भरायचं म्हणून. म्हातारीला पव्हायचं असंल घरात!"

बाया हसल्या. चंद्रभागाबाईने कमरेची चंची सोडली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. सुपारीचं एक खांड आणि तंबाखूची पुडी मातीत पडली.

"बघा गं, बायांनो. नीट बघा."

धर्मराज मावशीच्या दारात उभा होता. खिशातल्या पंखांची टोकं बोटांना टोचत होती. आता बोललं पाहिजे, हे त्याला कळत होतं. पण कालच मावशीने गल्लीभर सांगितलं होतं, माझा भाचा सायंटिस हाय. त्याने हात खिशातच ठेवला.

"राकेट न्हाई तर पाणी न्हाई, चंद्रभागा," सुंदरबाई खाली बघत म्हणाली. "समद्यांनी मिळून ठरवलंय. माझ्या सुनेलाबी ह्योच कायदा."

बाराव्या घराचं पाणी बाकीच्यांनी वाटून घेतलं. टँकर गेला.

मग धर्मराज चंद्रभागाबाईच्या घरी गेला आणि राकेट उंबऱ्यावर ठेवलं.

"मी घेतलं होतं, आजी."

तिने ते उचललं नाही.

"मी चंची उलटी केली, तवा तू तिथंच होतास की."

"होतो."

"हसला न्हाईस तेवढा."

आत एक नात पाणी मागत होती. म्हातारी दारातून बाजूला सरकली.

"तुला मापायचा लई नाद हाय म्हनं. ये आत. माझा रांजण माप."

कोनाड्यात दुधाचं अर्ध्या लिटरचं माप होतं. धर्मराज रांजणात कमरेपर्यंत वाकला आणि एकेक माप घागरीत ओतत गेला. तळ लागला तेव्हा नऊ मापं झाली होती. साडेचार लिटर. घरात तिघी, आणि टँकर पुन्हा चौथ्या दिवशी.