अन्ननलिकेचा तज्ज्ञ

मी अन्ननलिकेच्या अ‍ॅलर्जीवर संशोधन करतो. हा आजार असलेले लोक आमच्या वेबसाइटवर नाव नोंदवतात, काय खाल्लं की घास अडकतो ते लिहितात, आणि मी खुर्चीत बसून शहाणपणाचे निष्कर्ष काढतो. एका रविवारी बायको मागे उभी राहून स्क्रीनवरची प्रश्नावली वाचू लागली.

"घासागणिक पाणी पिता का? जेवण सगळ्यांच्या शेवटी संपतं का? अरे, हे तर तुझ्यावरच लिहिलंय!"

"मी नीट चावून खातो," मी तोऱ्यात म्हणालो. "तज्ज्ञ कोण, तू की मी?"

त्याच आठवड्यात विभागाच्या जेवणात या तज्ज्ञांच्या छातीत चिकनचा तुकडा अडकला. वर येईना, खाली जाईना, थुंकीसुद्धा गिळवेना. एका हाताने 'काही नाही, काही नाही' अशा खुणा करत मी दुसऱ्या हाताने कचऱ्याची बादली धरून बसलो. माझ्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून दुर्बिणीने तुकडा काढला, तपासणीला नमुने घेतले.

"सर, अन्ननलिकेत कड्यांसारख्या वळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "अगदी तुमच्या स्लाइडमधल्यासारख्या."

नमुन्यांनीही तोच आजार सांगितला. बायको नुसती हसली. ते जास्त लागलं.

मग मीही रुग्ण म्हणून नाव नोंदवायला बसलो आणि एका प्रश्नाशी अडलो: 'गेल्या आठवड्यात गिळताना किती त्रास झाला?' त्रास कसा होणार? मी सूप सोडून काही खाल्लंच नव्हतं! मग शून्य लिहू, की दहा? हा प्रश्न शेकडो रुग्णांनी कोरा सोडला होता, आणि 'रुग्ण निष्काळजीपणे माहिती भरतात' असं छापून मी मोकळा झालो होतो.

मी प्रश्न बदलला: 'घास अडकेल म्हणून काय काय सोडलंत?' उत्तरांचा पाऊस पडला. जुन्या शोधनिबंधाची दुरुस्ती मी जाहीरपणे छापली. लाज वाटली, पण छापली.

एका बसचालकाने लिहिलं होतं, 'मुलीच्या लग्नात जेवलो नाही. कामात आहे असं दाखवत फिरत राहिलो.'

मी ते बायकोला वाचून दाखवलं.

"आणि भाचीच्या लग्नात तू काय करत होतास?" तिने विचारलं.

"फोटो काढत होतो."

"एकाही फोटोत कुणाचं डोकं आलेलं नाही," ती म्हणाली.